जाड पुस्तक आणि शिशाची गोळी

तुम्ही ज्या पुस्तकात बघून काम करता, ते तुमच्या हातातल्या वस्तूसाठीच लिहिलेले आहे याची खात्री तुम्ही कधी करून घेतली आहे का? नसेल, तर वळसंगच्या बाजूची ही हकीकत तुमच्यासाठी आहे. नोकरी संपून बरीच वर्षे झाली. पुष्कळ गुन्ह्यांचे तपशील पुसट झाले. याचे झाले नाहीत.

माझे लहानपण पत्रके वाचण्यात गेले. बाजारात वाटलेले, भिंतीवर डकवलेले, जे छापील हाती लागेल ते मी वाचत असे आणि त्यावरून भांडत असे. अन्याय मोडायचा म्हणून मी पोलिसात गेलो, तेव्हा मित्र हसले. तो काळ इंग्रजांचा होता आणि पोलीसही त्यांचेच होते. मी म्हणे, निरपराध माणूस कुणाच्याही राज्यात निरपराधच असतो. हे म्हणणे सोपे होते. ते खरे करून दाखवायची वेळ या प्रकरणात आली.

मी तेव्हा सोलापूर तालुक्याच्या ठाण्यावर नवा फौजदार होतो. एका सकाळी वर्दी आली की वळसंगजवळच्या एका शेतात ज्वारीत शिरलेल्या रानडुकरावर बार काढताना जुनी रायफल फुटली. बार काढणारा धाकटा भाऊ. त्याचा उजवा डोळा गेला, दोन बोटे तुटली. रायफल थोरल्या भावाच्या नावावर होती. पीक राखण्यासाठी परवाना मिळालेला, आणि परवान्यावर राखणदार म्हणून धाकट्याचे नाव. सगळे कायदेशीर. मी डायरीत 'अपघात' असे लिहिणार होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांचा एक भाऊबंद ठाण्यात आला. डोक्याचा रुमाल काढून मांडीवर ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "सायेब, ह्यो अपघात न्हाय. दोगांत वाटनीचा वाद हाय. काडतुसं थोरल्यानंच भरली. दारू मुद्दाम जास्त भरली."

"तुम्ही पाहिलंत?"

"बगायला कशाला पायजे? आक्क्या गावाला ठावं हाय की."

ज्याला सगळ्या गावाचा हवाला द्यावा लागतो, त्याने स्वतः काही पाहिलेले नसते, असा माझा पुढचा अनुभव आहे. पण खबर खबर असते. ती तपासावी लागते. जखमीचा जबाब घेतला. त्याने एवढेच सांगितले की काडतूस अण्णाने, म्हणजे थोरल्याने, भरले होते. वाटणीचा वाद आहे का, या प्रश्नाला तो 'व्हय' म्हणाला. मी थोरल्याला अटक केली. हत्याराच्या गुन्ह्यात ढिलाई नको, असा वरून सक्त हुकूम होता. जीवे मारण्याचा प्रयत्न शाबीत झाला असता, तर त्या माणसाचे उरलेले आयुष्य तुरुंगात गेले असते.

घराचा पंचनामा केला. वापरलेली पितळी काडतुसे पुन्हा भरण्याची त्या भागात रीतच होती. नवी विकत घेणे शेतकऱ्याला परवडत नसे. माळ्यावर शिसे वितळवायची लोखंडी पळी मिळाली, गोळी ओतायचा साचा मिळाला, बंदुकीच्या दारूचा डबा आणि भरून ठेवलेली काही काडतुसे मिळाली. शेजारी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होते. कापडी बांधणी, पानोपानी रायफलींची चित्रे, आणि कुठल्या काडतुसात किती दारू घालायची त्याचे तक्ते. तक्त्याच्या एका पानावर काजळीचे बोट उमटलेले होते.

थोरला चाळिशीचा, रुंद हाडाचा, कपाळावर भस्म. बोलणे शांत.

"काडतूस कुणी भरलं?"

"म्या."

"दारू किती घातली?"

"बुकात हाय तेवडी. ना कमी ना जास्त."

"तुम्हाला इंग्रजी वाचता येतं?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"वाचून कुणी दाखवलं?"

"म्या भरलं म्हटलं की, सायेब. तसंच लिवा."

आमचे जमादार जुने माणूस होते. ते खुर्चीमागून म्हणाले, "साहेब, आसामी स्वतःच्या तोंडानं कबूल होतोय आणि तुम्ही त्याला अडवताय?"

"जमादारसाहेब, तो भरल्याचं कबूल करतोय. मारायला भरल्याचं नाही."

"कोर्टात गेल्यावर तेवढा फरक राहत नाही."

"म्हणूनच तो फरक इथं राहू द्या."

थोरल्याला पुन्हा दोनदा विचारले. इतर सगळ्या प्रश्नांना तो सरळ उत्तर देई. वाचून कुणी दाखवलं, या एका प्रश्नाला जमिनीकडे पाही. जो माणूस स्वतःला वाचवण्यासाठी खोटे बोलतो, तो पुष्कळ बोलतो. हा दुसऱ्या कुणाला तरी झाकत होता.

शहरात बाजारपेठेत बंदुकांचे एकच जुने परवानाधारक दुकान होते. दुकानदार पान चघळणारे म्हातारे मियाँ, जीभ तिखट. पुस्तकावर शिक्का याच दुकानाचा होता. मी जप्त काडतुसे आणि ते पुस्तक त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी पंचांसमक्ष काडतूस उघडले, दारू तोलली, तक्ता पाहिला.

"किताब के हिसाब से बराबर है, साब."

"म्हणजे जास्त घातलेली नाही?"

"बिल्कुल नै."

"मग पुस्तक चुकीचं आहे?"

"किताब गलत नै, साब. किताब दूसरी रायफल की है." त्यांनी पान थुंकले आणि फळीवरून दुसरे पुस्तक काढले. पातळ, कागदी वेष्टनाचे, चित्र एकही नाही. "ये देखो. घर में ढाले सो सीसे की गोली, पुरानी रायफल, उसका हिसाब इसमें है. वो मोटी वाली नवी रायफलां की है, कारखाने की गोली पे तांबे का खोल रहता, वैसी. जवान घोड़े की खुराक बूढ़े बैल को खिलाये तो पेट फूटींगाच ना?"

"मग हे जाड पुस्तक तुम्ही त्याला विकलंतच कसं?"

मियाँ चिडले. "मैं? मैं तो पतली हाथ में दिया था! बोले, इसमें तस्वीरां नै, ये तो पत्रक दिखता. अंग्रेजी पढ़े सो आदमी कू कौन समझाना?"

"इंग्रजी शिकलेला? कोण आला होता?"

"छोटा भाई. और कौन?"

सिव्हिल इस्पितळात धाकटा खाटेवर बसला होता. उजव्या डोळ्यावर पट्टी, हात बांधलेला. घराण्यातला पहिला मॅट्रिक पास मुलगा. गावात कुणाची तार आली तरी वाचायला त्यालाच बोलावत. मी काही विचारले नाही. जाड पुस्तक त्याच्या मांडीवर ठेवले आणि पहिले पान उघडले.

"हे वाचा."

"सायेब, मला आता..."

"एक डोळा शाबूत आहे. वाचा, आणि मराठीत सांगा."

तो अडखळत वाचू लागला. अर्ध्या पानावर एका ओळीशी येऊन थांबला.

"काय लिहिलंय?"

"ह्यातली मापं... घरी वतलेल्या शिशाच्या गोळीला लावू नयेत. जुन्या बनावटीच्या रायफलीला तर अजिबात न्हाय."

"हे पान आधी वाचलं होतं?"

"न्हाय. आमी सरळ तक्ता काडला." मग म्हणाला, "घरात पंचांग बगतो तसं, सायेब. आजची तिथी पायजे तर आजचंच पान. पैलं पान कोन वाचतंय?"

"तक्ता वाचला कुणी?"

"मी वाचला, अण्णानं भरलं. आमचं समदं काम तसंच असतंय."

"मग जबाबात हे का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं न्हाय. आन्... इतकी बुकं शिकून मीच माजा डोळा फोडला, हे कुनाला सांगू?" मग एकदम विचारले, "अण्णा काय म्हनला?"

"तुमचं नाव घेतलं नाही. कोठडीत आहे."

त्याने तोंड भिंतीकडे फिरवले. तसाच म्हणाला, "माजा जबाब फाडा, सायेब."

"जबाब फाडत नाहीत. दुसरा लिहितात. सांगा."

त्याने सांगितले, मी लिहिले. मियाँचा जबाब आणि दोन्ही पुस्तके मुद्देमालात जोडली. तरी जमादार म्हणाले, भाऊ भावाला वाचवतोय. मी त्यांना तोललेल्या दारूचा पंचनामा दाखवला. मारायचे असते, तर पुस्तकाबरहुकूम कोण भरतो? ते वाचून जमादारांनी स्वतःच टोपी उचलली आणि कागद वर नेऊन दिले. अपघाताचा अहवाल मंजूर झाला, थोरला सुटला. खबर देणाऱ्या भाऊबंदाला मी बोलावून खोट्या खबरीचे कलम वाचून दाखवले. आक्क्या गावाला ठावे आहे, असे तो या वेळी म्हणाला नाही.

सुटल्यावर थोरला घरी गेला नाही, इस्पितळात आला. मी तिथे होतो. धाकटा रडू लागला तसा त्याने त्याच्या पाठीवर एक थाप मारली. त्या घरात अर्धी बोली कन्नड. धाकट्या भावाला तो तम्मा म्हणत असे.

"तम्मा, एक डोळा हाय न्हवं अजून?"

"हाय, अण्णा."

"मग त्येनं पैलं पान वाचत जा. मला वाचता येत न्हाय. मी तुज्या तोंडाकडं बगून हात चालवतो."

या प्रकरणाने मला जे शिकवले ते एवढेच. छापील शब्दावर माझी श्रद्धा होती. ती आजही आहे. पण श्रद्धा ठेवणाऱ्याने आधी विचारावे, हे कुणासाठी लिहिले आहे? जाडी, चित्रे, कापडी बांधणी यांवरून पुस्तक निवडू नये. ज्या पुस्तकाला 'याच्यापलीकडे मला विचारू नका' असे स्वतःच्या पहिल्या पानावर सांगता येते, ते प्रामाणिक पुस्तक. ते जाड पुस्तकही प्रामाणिकच होते. त्याचे म्हणणे कुणी ऐकले नव्हते. आणि वाचता येणाऱ्याची चूक वाचता न येणाऱ्याच्या माथी मारायला ठाणे, गाव आणि भाऊबंद सगळे किती चटकन तयार होतात, हे मी त्या आठवड्यात पाहिले. मला त्याचा राग आला होता. अजूनही येतो.

म्हणून एक मागणे आहे. हा मजकूर संपला की उठा. औषधाचे, खताचे, यंत्राचे, ज्या कशाचे माप तुम्ही पुस्तकात बघून घेता, ते पुस्तक काढा. तक्ता उघडू नका. पहिले पान उघडा, आणि तुमच्या वाचण्यावर विसंबून जो हात चालवतो, त्याला शेजारी बसवून ते मोठ्याने वाचा.