बँकेचं बिस्किट

वर्ना स्टोकली माझ्या शेजारच्या ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या पत्र्याच्या घरात, राहायची. नवरा लवकर गेला, हयात शाळेच्या स्वयंपाकघरात गेली. दर शुक्रवारी पगारातले थोडे डॉलर ती आमच्या ओहायोतल्या गावच्या बँकेत भरायची, गाडीत बसूनच. बँकेच्या खिडकीतली मुलगी हवेच्या दाबावर चालणाऱ्या नळीतून थेट गाडीपाशी पावती पाठवायची आणि सोबत वर्नाच्या म्हाताऱ्या कुत्र्याला, ड्यूकला, एक बिस्किट. त्या बिस्किटाचं वर्नाला कोण कौतुक!

"अगं बये, वर्षाच्या व्याजात तुझी एक कॉफी येत नाही," मी चिडून म्हणायचे. "तुझेच पैसे ते दुसऱ्याला आठ टक्क्यांनी देतात. मधलं सगळं त्यांच्या घशात!"

"माझे पैसे तिजोरीत आहेत. तुझ्यासारखे लॉटरीत नाही उडवले."

मेलीची जीभ तिखट होती.

मग आमचे ट्रेलर उभे होते त्या ट्रेलर पार्कचा मालक वारला आणि त्याच्या मुलांनी जमीन विकायला काढली. ट्रेलर आमचे, जमीन त्यांची. वर्ना म्हणाली, सगळे मिळून आपणच घेऊ. चर्चला जायचा ठेवणीतला कोट घालून ती बँकेत कर्ज मागायला गेली. आमचे जुनाट ट्रेलर मॅनेजरला तारण म्हणून चालेनात.

"नाही म्हणाला," परत येऊन ती म्हणाली. "पण बोलला गोड हं."

लवकरच बाहेरच्या एका कंपनीने जमीन घेतली आणि जागेचं भाडं दुप्पट केलं. फाटकावर चकचकीत पाटी लागली. कंपनीच्या नावाखाली लिहिलं होतं, 'अर्थसाहाय्य: तुमच्या गावची बँक'.

वर्ना पाटीसमोर उभी राहिली. "बँकेनं ह्यांना द्यायला एवढे पैसे कुठून आणले गं?"

इतकी वर्षं मी हेच तिच्या कानीकपाळी ओरडत होते. त्या दिवशी तिचं तिलाच कळलं होतं.

भाडं झेपेना. ट्रेलर नावालाच चाकांचा, हलवला तर मोडणार. तो तिथेच टाकून ती टोलेडोला लेकीकडे निघाली. तिथे कुत्रा चालत नाही, म्हणून ड्यूक माझ्याकडे राहणार होता.

जाण्याआधी आम्ही तिचं खातं बंद करायला गेलो. नळीतून पैशांचं पाकीट आलं आणि सवयीनं बिस्किटही. ड्यूक शेपूट हलवू लागला. वर्ना ते मुठीत धरून बसली, मग त्याच्यापुढे केलं.

"खा रे बाबा," ती म्हणाली. "आपलं घर देऊन घेतलंय हे."