साहेबाची टाकी

उंब्रजला आमच्या शेजारी एक पेन्शनर हवालदार राहत. लढाई संपल्यावर एका साहेबाच्या बंगल्यातली पाण्याची लोखंडी टाकी त्यांनी लिलावात घेतली आणि बैलगाडीतून मिरवत आणली.

"आपलं डोस्कं फौजी हाय," म्हणत त्यांनी तिच्यात ज्वारी भरली, ती बुरसली. पुन्हा तेच म्हणत कोंबड्या कोंडल्या. त्या उन्हानं भाजून निघाल्या. शेवटी टाकी आडवी पाडून ते तिच्यावर बसू लागले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अक्कल शिकवू लागले.

नदीवरून तिसरी घागर आणलेली बायको एकदा म्हणाली, "आवं, गाडीनं पानी आणून त्यात भरा की. माजी मान मोडली."

"येडी का काय? गंजंल की ती!" हवालदार कडाडले. बायको चौथ्या खेपेला निघाली, तेव्हा ते धोतराच्या सोग्यानं टाकी पुसत होते.