डोलकाठीवरचे शेपूट

हिल्का लेहतोचे हात पाहून परका माणूस जरा दचकायचाच. बाई जेमतेम पाच फुटांची, खांदे पोरीसारखे, आणि मनगटाखाली मात्र लोहाराचे पंजे. हे हात तिला देवाने दिले नव्हते, परवान्याने दिले होते. हॅगर्टी कोव्ह या समुद्रकाठच्या गावात सॅल्मन मासे धरायचे परवाने दोन जातींचे असतात. एक मोटरवाला. त्यात होडीमागे चार दोर सोडायचे आणि ते मोटरने ओढून घ्यायचे. दुसरा हातवाला. त्यात दोर दोनच, आणि टोकाला शिशाचा गोळा, वर गळांची माळ असले ते धूड हाताने रहाट फिरवून वर आणायचे. बापाने मोटरवाला परवाना आणि 'ईडा' ही होडी थोरल्या रेनोला दिली. खरे तर बारा वर्षे बापाच्या हाताखाली मासे साफ करत होती ती हिल्का. रेनोला तेव्हा होडीवर उलट्या व्हायच्या. तिने विचारले, मग मला काय? म्हातारा कॉफीच्या कपातून डोके वर न काढता म्हणाला, "तुझे हात चांगले आहेत. तुला मोटर कशाला?"

ईडा हे त्यांच्या आईचे नाव. तेही रेनोकडेच गेले.

हिल्काने हातवाला परवाना घेतला, 'पिक्कू' नावाची एक गळकी होडी घेतली आणि रहाट फिरवायला लागली. लग्न केले नाही. कोण करणार होते म्हणा. ती जेवायला बसली तरी समोरच्याचे ताट मोजायची. तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती : किंगच्या दिवसांत एकदा, फक्त एकदा, रेनोपेक्षा जास्त वजन काट्यावर टाकायचे. दोन दोरांनी चार दोरांना पाणी पाजायचे.

किंग म्हणजे सॅल्मनमधला सगळ्यात मोठा. जुलैच्या पहिल्या तारखेला किंग उघडतो. किती किंग मारायचे ते दोन देशांचे लोक हिवाळ्यात कुठल्या तरी गरम खोलीत बसून ठरवतात, आणि तेवढे भरत आले की सरकार दार लावून घेते. कधी दहा दिवस मिळतात, कधी पाच. त्या दिवसांत कोव्हमधली माणसे माणसे राहत नाहीत. झोप नाही, अंघोळ नाही, थंड बटाटे आणि डब्यातले मांस हातानेच खायचे. आणि कुणी मदत मागायची नाही. होडीत पाणी गुडघ्यापर्यंत आले तरी आधी स्वतः उपसून बघायचे. कारण तुम्हाला ओढायला जो येईल त्याचा दिवस बुडाला, आणि बुडालेला दिवस सरकार परत देत नाही. किंगच्या दिवसांत मदत मागितलेल्या माणसाला लोक मदत करतात, पण पुढे दहा वर्षे ते त्याला ऐकवतात.

दुसरी रीत रेडिओची. रेडिओवर सगळेच सगळ्यांना ऐकू येते, त्यामुळे खरे कुणीच बोलत नाही. दोर माशांनी भरले असतील तर म्हणायचे, "काही नाही रे, समुद्र झाडून ठेवल्यासारखा आहे." असे कुणी रडू लागला की बाकीचे हळूच त्याच्या दिशेने होडी वळवतात. आणि कुणी म्हणाला की इथे मासा आहे, या, तर समजायचे, गड्याला आपल्याला चांगल्या जागेवरून हुसकायचे आहे. हे पोरासोरांनाही पाठ असते.

तिसरी रीत या दोघा भावंडांची. किंग बंद झाला की धक्क्यावर मासे विकत घेणाऱ्या बर्था जॅकबाईच्या काट्यावर दोघांचे वजन व्हायचे, आणि जिंकणारा हरणाऱ्याच्या डोलकाठीवर किंगचे शेपूट खिळ्याने ठोकायचा. पहिल्या वर्षी ते गमतीत झाले. पुढे गंमत उरली नाही. हरलेल्याने ते पुढच्या जुलैपर्यंत उतरवायचे नाही. पिक्कूच्या डोलकाठीवर खिळ्यांच्या भोकांची रांग वरपर्यंत गेली होती. ईडाची काठी गुळगुळीत होती. रेनो ठोकताना दर वर्षी म्हणायचा, "हात चांगले आहेत हं तुझे." बापाचे वाक्य त्याने असे जपून ठेवले होते.

ही गोष्ट घडली त्या वर्षी सरकारने किंगचा आकडा चांगलाच छाटला. सहा दिवस मिळतील, सहाव्या रात्री बाराला बंद, असे आधीच सांगून टाकले. रेनो अडुसष्ट वर्षांचा झाला होता. वसंतापासून तो गावातल्या फळ्यांच्या रस्त्यावरून चढताना मध्येच थांबायचा आणि समुद्र बघत असल्याचे सोंग करायचा. डावा हात खिशात घालून ठेवायचा. बाकी कुणाच्या ध्यानात आले नाही, हिल्काच्या आले. तिला बरे वाटले. यंदा म्हातारा दमणार, एवढेच तिच्या डोक्यात आले, आणि तिने नवे खिळे आणले.

पाच दिवस ती जनावरासारखी राबली. रहाट फिरवून तळहातांचे साल निघाले, त्यावर तिने चिकटपट्टी गुंडाळली आणि पट्टीतून रक्त आले तेव्हा हातमोजे चढवले. किंग होडीशी आला की लोखंडी आकडा घालायचा, डोक्यात सोटा हाणायचा, गळा चिरून रक्त काढायचे, पोट साफ करून बर्फात लावायचा. अठ्ठावीस इंचांहून आखूड असेल तर जिवंत असो की मेलेला, परत पाण्यात. तिने एकही आखूड मासा लपवला नाही. तिला वजन असे हवे होते, की कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये.

सहाव्या दिवशी दुपारी ती खडकाच्या कडेला अगदी मोक्याच्या जागी होती. दोन्ही दोर थरथरत होते. तेवढ्यात रेडिओवर रेनोचा आवाज आला.

"हिल्का, इथे किंग आहेत. ये."

इतक्या वर्षांत तो तिला रेडिओवर ये म्हणाला नव्हता. कोव्हच्या सगळ्या होड्यांनी कान टवकारले. हिल्का मोठ्याने हसली. म्हणजे थेरड्याला कळले, मी कुठे आहे ते. खडकावरून मला उठवायला बघतोय.

"तुझ्याकडे किंग आहेत आणि तू मला बोलावतोस?" ती म्हणाली. "काय रे, मरायला टेकलास की काय?"

दोन-चार जण रेडिओचे बटण दाबून हसले. मग रेनोचा आवाज आला, आधीपेक्षा हळू.

"अगं, दोर भरलेत. मला होत नाहीये. ये ना."

ती ज्या संधीची इतकी वर्षे वाट बघत होती ती आयती समोर आली होती, आणि सगळा गाव ऐकत होता.

"मोटर आहे ना तुला," ती म्हणाली. "बाबांनी दिलेली. तिलाच सांग."

आणि तिने रेडिओ बंद केला. समोर दोर थरथरत होते, आणि हसताना रहाटावरच्या तिच्या हाताची गती चुकत होती.

दुपार कलल्यावर कोव्हचाच ग्लेन ओडेगार्ड आपल्या होडीतून ईडाच्या जवळून गेला. रेनो मागच्या खड्ड्यात, जिथे उभे राहून दोर सांभाळतात तिथे, टेकून बसला होता. टोपी डोळ्यांवर होती. ईडा आपल्या आपण, सुकाणू यंत्रावर टाकलेले असते तशी, चालत्या माणसाच्या वेगाने सरळ जात होती. ग्लेनने हात केला. रेनोने केला नाही. बहिणीने चारचौघांत नाक कापले म्हणून फुगलाय, असे ग्लेनला वाटले आणि तो आपल्या मासळीकडे वळला. या धंद्यात मेलेल्या माणसाची होडीसुद्धा मासे धरत राहते. बाहेरून काही फरक दिसत नाही.

रात्री बाराला किंग बंद झाला. सकाळी ईडा सोडून सगळ्या होड्या धक्क्याला लागल्या. बर्थाने हिल्काचे वजन केले, काटा दोनदा बघितला आणि म्हणाली, "बाई गं, पन्नास वर्षांत हातवाल्याने एवढे टाकलेले मी पाहिले नाही."

हिल्काने त्यातल्या सगळ्यात मोठ्या किंगचे शेपूट कापून घेतले. हातोडी घेतली, खिळे घेतले आणि धक्क्यावर पालथ्या बादलीवर जाऊन बसली. घरी जा, झोप, असे बर्थाने सांगून पाहिले. ती हलली नाही. तिला रेनोचे तोंड बघायचे होते. तो काय म्हणेल, मग आपण काय म्हणू, हे ती पुटपुटत होती. हात चांगले आहेत हं माझे. हे ती तीन-चार तऱ्हांनी म्हणून बघत होती.

दहाच्या सुमाराला बातमी आली, की गस्तीच्या बोटीने ईडाला लांब समुद्रात पकडले. बंद झाल्यावरही चारी दोर पाण्यात होते. हिल्काला आनंदाने काय करावे सुचेना. ती बादलीवरून उठली आणि फळ्यांच्या रस्त्याने दुकानापर्यंत सांगत गेली. भेटेल त्याला सांगितले. रेनो लेहतो चोर निघाला. बापाच्या होडीवर, आईच्या नावावर चोरी करत होता. हरणार हे कळले म्हणून रात्रभर चोरून मारत बसला. दुकानदारणीने तिला कॉफी दिली आणि ती तिने उभ्यानेच, घोट घोट चवीने प्याली.

ईडा दोराने बांधून ओढत आणली तेव्हा ती पुन्हा धक्क्यावर होती. गस्तीवरचा तरुण अधिकारी ईडावर उभा होता. मागच्या खड्ड्यावर ताडपत्री होती. ग्लेनने टोपी काढली, मग एकेक करून धक्क्यावरच्या बाकीच्यांनी. हिल्काला सगळ्यांत शेवटी समजले, कारण ती डोलकाठी बघत होती.

अधिकाऱ्याने विचारले, घरचे कोणी आहे का. मी बहीण, ती म्हणाली. तो बिचारा सांभाळून बोलू लागला. दंड करायला म्हणून ते ईडापाशी गेले, तर ज्या आडव्या काठ्यांवरून दोर सोडतात त्यांच्या टोकांच्या घंटा वाजत होत्या, म्हणजे गळाला मासे होते, आणि माणूस हलत नव्हता. दुपारीच गेला असावा. हृदय असावे. माझ्या मनापासून...

"दोरांवर किती होते?" हिल्काने विचारले.

त्याला आधी कळलेच नाही.

"किंग. दोरांवर किती किंग होते?"

"बाई, ते बंद झाल्यानंतर वर आले," तो म्हणाला. "ते ठेवता येत नाहीत. आम्ही पाण्यात सोडले."

"मेलेले?"

"बरेचसे मेलेलेच होते. नियम तसाच आहे."

"पण किती?"

"आम्ही मोजले नाहीत. नियमाने ते धरलेच गेले नाहीत ना." मग त्याला वाटले, या बाईला काहीतरी चांगले सांगावे. तो म्हणाला, "खूप होते. चारही दोर वरून खालपर्यंत भरले होते. मी एवढे कधी पाहिले नाहीत."

ईडाच्या पोटातले मासे काट्यावर गेले. हिल्कापेक्षा ते कमी भरले, पण फार कमी नाही. बर्थाने आकडा सांगितला. समुद्रात फेकलेले धरले तर काय झाले असते ते प्रत्येक जण मनात मोजत होता. हिल्काही मोजत होती. पुढे ती जन्मभर तेच मोजत राहिली.

"मी जिंकले," ती म्हणाली. कुणी हो म्हटले नाही, कुणी नाहीही म्हटले नाही. ती ईडावर चढली, ताडपत्रीला वळसा घालून डोलकाठीपाशी गेली आणि शेपूट ठोकले. खिळा वाकला. तिने दुसरा घेतला. अधिकारी पुढे होत होता, ग्लेनने त्याला दंडाला धरून मागे ओढले. ठोकून झाल्यावर तिने तोंड उघडले, पण सकाळपासून घोकलेले वाक्य काही बाहेर आले नाही.

ती धक्क्यावर परत आली तेव्हा बर्था काटा धुवत होती. बर्थाला गोड बोलायची सवय नव्हती.

"तो दर वर्षीसारखं म्हणाला असता ना, की इथे काही नाही," ती पाण्याची नळी न सोडता म्हणाली, "तर तू धावत गेली असतीस."

हिल्का तिथेच उलट्या बादलीवर बसली, आणि रडली. मोठ्याने, तोंड वासून, लहान मूल रडते तशी. कोव्हने तिला तसे पाहिले नव्हते, आणि पाहायला कुणाला आवडलेही नाही. लोक आपापल्या होड्या धुवायला निघून गेले.

रेनोला बायको-पोर नव्हते. ईडा, चार दोर, मोटरवाला परवाना, सगळे हिल्काकडे आले. पुढच्या जुलैत ती ईडा घेऊन बाहेर पडली. कळ दाबली की दोर वर येत होते. तिचे पंजे नुसतेच मांडीवर पडून राहायचे. डोलकाठीवर वाळलेले शेपूट तसेच होते. हरलेल्या होडीचे ते शेपूट आता तिच्याच होडीवर होते, आणि उतरवायला ती तयार नव्हती.

मोटर मिळाली तरी मासे मात्र तिला तेवढे मिळत नाहीत, कारण कोव्हच्या लोकांना एक गोष्ट सापडली आहे. हिल्का चांगल्या जागेवर असली की कुणीतरी रेडिओवर म्हणतो, "हिल्का, इथे किंग आहेत. ये." बाकीचे बटण दाबून हसतात. ते खोटे आहे हे तिला ठाऊक असते. तरी ती भरलेले दोर वर घेते आणि सुकाणू वळवते. तोवर तिची जागा दुसऱ्याने घेतलेली असते. "आली बघ," असे कुणीतरी म्हणतो.

ती त्या होडीपर्यंत जाते. दोर टाकत नाही, काही बोलत नाही. बोलावणारा आपल्या पायांवर उभा आहे असे दिसले, की मगच परत वळते.