गॅसशिवाय काहीतरी

आमच्या सोसायटीच्या यादीत आमच्या फ्लॅटपुढे कधी पदार्थाचं नाव नसायचं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही जुईनगरला राहायला आलो. दर जानेवारीत सोसायटीच्या वाढदिवसाची पार्टी गच्चीवर व्हायची, संध्याकाळी सहाला. कोणी काय करून आणायचं ते आधी जिन्याखालच्या फळ्यावर निळ्या शाईत लागायचं. कुणाकडे छोले, कुणाकडे पुलाव, कुणाकडे गाजर हलवा. आमच्यापुढे पहिल्या वर्षी ‘पेपर प्लेट व ग्लास’, दुसऱ्या वर्षी ‘वेफर्सची पाकिटं’. यादी सेक्रेटरींची बायको करायची. साताऱ्याकडची, बोलायला गोड, कुणी आजारी पडलं की आधी धावून येणारी. “तुम्ही नोकरीवाल्या, वहिनी, तुम्हाला कशाला ताप?” असं ती म्हणायची. मी बेलापूरला एका ऑफिसात टायपिस्ट होते, दमून घरी यायचे, त्यामुळे मला ते खरंच वाटायचं. त्या भोळेपणाचा मला आजही राग येतो.

दुसऱ्या वर्षी वेफर्सबरोबर मी हौसेने शंकरपाळेही केले. डबा फडक्यात बांधला, वर गाठ मारली आणि नेऊन टेबलावर ठेवला. पार्टी संपल्यावर डबा परत मिळाला तो त्याच गाठीसकट. माझी गाठ मला ओळखू येते, दोन वेढ्यांची, माझी आई मारायची तशी. घरी येऊन ती सोडली तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही बौद्ध, मराठवाड्यातले. हॉलमधली बुद्धमूर्ती आमच्या उघड्या दारातून जाता-येता सगळ्यांना दिसते. आमच्या घरची पाकिटबंद वस्तू चालत होती, केळी नेली असती तर तीही चालली असती, पण आमच्या चुलीवर शिजलेलं काही त्यांच्या पोटात जायला नको होतं. तसं तोंडाने कुणी कधी म्हणालं नाही. यादी असताना म्हणायची गरज काय?

तिसऱ्या वर्षी मी डिसेंबरातच सेक्रेटरींच्या बायकोच्या दारात उभी राहिले.

“या वर्षी मी पदार्थ आणणार आहे. लिहून घ्या.”

ती जरा गडबडली. मग हसली. “आणा की वहिनी. पण शिजवायच्या फंदात कशाला पडताय? गॅसशिवाय काहीतरी आणा. सुटसुटीत.”

“बरं,” मी म्हटलं. “गॅसशिवाय आणते.”

जिना उतरताना माझे कान तापले होते. मला एकच गोष्ट हवी होती. या बिल्डिंगने माझ्या हातचं खावं, सगळ्यांसमोर, कुणाच्या हातचं आहे ते माहीत असताना.

ऑफिसात एक इंग्रजी पेपर यायचा. त्याच्या रविवारच्या पुरवणीत मला माझा पदार्थ सापडला. इटालियन पद्धतीचा, पार्टीसाठी, चूल न पेटवता. फोटोत एका काडीवर पांढरं चीज, लालचुटुक टोमॅटो, हिरवं पान आणि एक काळं फळ ओवलेलं. मी पान कापून पर्समध्ये घातलं. इटालियन म्हटल्यावर नाक मुरडायची त्या गच्चीवर कुणाची हिंमत नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

नवरा कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका व्यापाऱ्याकडे कारकून. दिवसभर ट्रकवाल्यांची भांडणं ऐकून आलेला माणूस, त्याला घरी शांतता हवी असायची. फोटो बघून तो म्हणाला, “कशाला टेन्शन घेतेस? वेफर्स ने आणि विषय संपव. आपल्याला इथंच राहायचंय.”

“म्हणूनच,” मी म्हटलं.

खरी कसरत सामान जमवण्याची होती. ते पांढरं चीज आमच्याकडे कुणी पाहिलेलंसुद्धा नव्हतं, म्हणून डब्यातलं घट्ट पिवळं घेतलं. फोटोतलं काळं फळ म्हणजे ऑलिव्ह, ते वाशीच्या एका दुकानात मिळाले, पण हिरवे, खारट पाण्यात बुडवलेले. नवऱ्याने एक तोंडात टाकला आणि म्हणाला, “अगं, हे नासलंय.” ऑलिव्हचं तेल मिळायचं फक्त मेडिकलमध्ये. तिथल्या माणसाने विचारलं, “बाळ किती महिन्यांचं?” मी म्हटलं, “बाळ नाही, पार्टी आहे. पोटात गेलं तर चालतं ना?” त्याने छोटा डबा उलटासुलटा करून बारीक अक्षरं वाचली आणि जरा साशंक आवाजात ‘चालतं’ म्हणाला.

राहिलं पान. ऑफिसातल्या शब्दकोशात त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ ‘तुळशीच्या जातीचं झाड’ असा होता. तुळस बिल्डिंगमध्ये दर बाल्कनीत होती, फक्त आमच्याकडे नव्हती. पण तुळस चावायची नसते, हे निमित्त मी त्यांच्या हातात देणार नव्हते. स्टेशनबाहेर तळवलीची एक आगरी बाई पालेभाजी आणि फुलं घेऊन बसायची. तिला मी फोटो दाखवला. तिने तो उन्हात धरून निरखला.

“यो तं सब्जा हाय. हारान घालतान यो. तू खानार गो?”

“खाणार. लोकांनाही घालणार.”

“घाल मंग. थंड असतंय, काय तरास व्हनार नाय.” दुसऱ्या दिवशी तिने फडक्यात गुंडाळून दोन जुड्या आणल्या. घरी येईपर्यंत माझ्या पिशवीला गोड, लवंगेसारखा वास लागला होता.

पार्टीच्या दुपारी मी अर्धी रजा टाकली आणि पदर खोचला. आधी पाट्यावर लसूण वाटला. त्यात ते मालिशचं तेल, लिंबू, मीठ आणि जाडसर मिरपूड. टोमॅटोचे चार-चार तुकडे करून बिया काढल्या आणि मीठ लावून चाळणीत निथळत ठेवले, नाहीतर सगळ्याचा चिखल झाला असता. चीज सुरीला चिकटायला लागलं तेव्हा शिवणाचा दोरा ओला करून त्याने कापलं. तुकडे वाटणात घोळवले. टूथपिक आणल्या होत्या, पण त्या आखूड निघाल्या. तीन जिन्नस ओवले की चौथ्याला जागाच नाही. लवकर घरी आलेला नवरा म्हणाला, “नवा खराटा आणलाय ना, त्याच्या काड्या धुऊन घे. लांब आहेत, टोकही निघेल.”

मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. आमच्या हातून खराट्याची काडी त्यांच्या तोंडापर्यंत? तेवढंच तर त्यांना पाहिजे होतं. तो जीभ चावून उठला आणि चपला घालून बाजारात गेला. तासाभराने बांबूच्या लांब काड्यांचं बंडल घेऊन आला आणि न सांगता माझ्याशेजारी बसून ओवायला लागला. ऑलिव्ह, चीज, दुमडलेलं सब्जाचं पान, टोमॅटो. पहिल्या दहा काड्या त्याने उलट्या क्रमाने ओवल्या, मी त्या तशाच ठेवल्या. मग दोन कोबी अर्धे कापून पालथे घातले आणि काड्या त्यांत खोचल्या. चार साळिंदरं बसल्यासारखी दिसत होती.

गच्चीवर त्यांचा फडशा पडला. छोले तसेच राहिले, हलव्यावरचं तूप थिजलं आणि माझ्या कोबीभोवती गर्दी. “हे काय आहे?” “इटालियन.” “पान कसलं?” “त्याच जातीचं.” पुरुष एकेका हातात दोन-दोन काड्या घेऊन फिरत होते. पंधरा मिनिटं मी जगातली सगळ्यात सुखी बाई होते, हे कबूल करते.

मग सेक्रेटरींची बायको माझ्याजवळ आली. तिची चौथी काडी चालली होती, मी मोजत होते. माझ्या खांद्यावर हात ठेवून ती अगदी मनापासून म्हणाली, “बघा वहिनी, किती छान झालं! शिजवलेलं नव्हतं म्हणून सगळ्यांना चाललं.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे माझ्या हातचं कुणी खाल्लंच नव्हतं. त्यांनी इटली खाल्ली होती.

“यातला लसूण माझ्या पाट्यावर वाटलाय,” मी म्हटलं. आवाज खाली ठेवायचा मी प्रयत्नही केला नाही. “टोमॅटो माझ्या मोरीत धुतलेत. पाणी एकाच टाकीतलं, तुमच्या नळाला येतं तेच. एकेक तुकडा या बोटांनी ओवलाय. गेल्या वर्षीचे शंकरपाळेही याच बोटांनी लाटले होते, ते गाठीसकट परत आले. मग आज फरक काय पडला ते सांगा.”

तिच्या काडीवर एक टोमॅटो राहिला होता.

“माझ्या मनात तसं काही नव्हतं हो,” ती म्हणाली. तिने काडी प्लेटच्या कडेला ठेवली आणि खाली निघून गेली. टोमॅटो काडीवर तसाच होता.

मला रडू आलं नाही. राग आला, आणि राग आल्याचं बरंही वाटलं. तेवढ्यात, शांतता हवी असणाऱ्या माझ्या नवऱ्याने उरलेला एक कोबी उचलला आणि एकेकासमोर नेऊन धरायला लागला. “घ्या ना,” तो म्हणत होता, शांतपणे. काहींनी घेतलं. काहींची पोटं अचानक भरली होती.

वर्षभर जिन्यात ती भेटली की अर्धंच हसायची. पुढच्या डिसेंबरात यादी लागली. आमच्या फ्लॅटपुढे निळ्या शाईत लिहिलं होतं, ‘इटालियन काड्या’. आमच्यासाठी त्यांना सोय सापडली होती. मी पर्समधलं लाल पेन काढून ते खोडलं आणि वर लिहिलं, ‘येसराची आमटी आणि भात. आमच्या गॅसवर शिजवलेला.’ ते कुणी खोडलं नाही. खोडलं असतं तर मी पुन्हा लिहिलं असतं.

येसर म्हणजे आमच्याकडचं भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. त्याच्या आमटीचा वास दोन जिने चढून जातो. गच्चीवर मी पातेल्यामागे स्वतः पळी घेऊन उभी राहिले, म्हणजे वाढणारीचं तोंड सगळ्यांना दिसावं. लोक प्लेटा घेऊन पुढे यायचे, पुलाव घ्यायचे, छोले घ्यायचे, माझ्यापाशी आले की कुणाला तरी हाक मारायची आठवण व्हायची. दोघं-तिघं थांबले, बाकीचे पुढे गेले. भातावरची वाफ विरत चालली होती.

शेवटी ती आली. प्लेट रिकामी होती, म्हणजे आधी कुठेच थांबली नव्हती.

“थोडीशीच वाढा, वहिनी,” ती पातेल्याकडे बघत म्हणाली.

मी भात वाढला, त्यावर पळी काठोकाठ भरून आमटी ओतली आणि पहिला घास तिच्या तोंडात जाईपर्यंत तिच्या समोरून हलले नाही.