रशीदमामू चहा घेत नसत

लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तोही विज्ञान शाखेचा. निबंधात मला कधी बरे गुण पडले नाहीत. शिवाय ज्या माणसाबद्दल लिहायला बसलो आहे, त्याच्याबद्दल बोलण्याचा हक्क मी स्वतःच घालवला आहे. तरी लिहितो. हे कुठे छापून आलं तर आमच्या घरीही वाचलं जाईल, हे मला ठाऊक आहे. वाचणाऱ्यांनी माझ्या चुका पोटात घालाव्यात, पण फक्त भाषेच्या.

तिवस्यात नागपूर रस्त्यावर माझ्या बाबांचं शिलाईचं दुकान आहे. त्याला लागून रशीदमामूंचं गॅरेज होतं. बाबांची मशीन गॅरेजकडे तोंड करून असे, आणि मशीनची खडखड नि हातोड्याचा ठणठणाट यांतूनही दोघं दिवसभर बोलत. बाबा त्यांना रशीदभाई म्हणत, ते बाबांना मास्टर. मी जन्मायच्या आधीपासून हे असंच चाललं होतं.

मामू गाड्या दुरुस्त करत, पण त्यांचं नाव होतं ते दुसऱ्याच कामासाठी. जुनी गाडी घ्यायची असली की लोक ती बघायला त्यांना घेऊन जात, कधी मोर्शीला, कधी अचलपूरला. विकणाऱ्याच्या दारात पोचल्यावर मामू नमस्काराच्या आधी बॉनेटवर तळहात ठेवत. गरम लागलं तर म्हणत, "आमी यायच्या आधीच हिले जागवली वाटते. थंडी होऊ द्या, मंग बोलू." मग काचा खाली करून ते गाडी एखाद्या लांब भिंतीच्या कडेनं हळूहळू चालवत, कारण गाडीचा आवाज भिंतीला लागून परत येतो आणि लपलेली खरखर ऐकू येते.

आणि विकणाऱ्याच्या घरी ते चहा घेत नसत. पाणीसुद्धा नाही. आमच्याकडे दारी आलेल्यानं चहा नाकारला की घरची माणसं दुखावतात. मामू हात जोडत आणि बाहेरच उभे राहत. मी एकदा कारण विचारलं. ते म्हणाले, "ज्याचा चहा पेलो, त्याच्या गाडीतली खोट सांगाले जीभ उठत नाही, बाबू. मी बी माणूसच हाय."

माझ्या ताईचं लग्न मोर्शीला झालं आणि बाबांच्या मनात गाडी घ्यायचं आलं. लेकीच्या सासरी एकदा तरी स्वतःच्या गाडीतून उतरायचं होतं त्यांना. अडीच लाखांच्या वर जायचं नव्हतं. मामूंना त्यांनी सांगितलं की लोकांनी वळून पाहावं अशी दिसायला पाहिजे, अन् रस्त्यात उभी राहणारी नको. मामू हसले. "मास्टर, तुले गाडी पायजे का नवरी?"

पण शोधायला लागले. मोर्शीतल्या एका गुरुजींची चंदेरी रंगाची छोटी गाडी त्यांनी काढली. दहा वर्षं जुनी, एकाच हातातली. मी तोंड वाकडं केलं. अमरावतीच्या कॉलेजात ही घेऊन गेलो तर पोरं काय म्हणतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मामूंनी ते ओळखलं असावं. म्हणाले, "रूप त आपल्या हातात हाय, बाबू. पॉलिश मारू, चाकं काळी करू, सीटचे कव्हर मास्टर शिवन. आतलं मातर कोणी शिवून देत नाही." मी हो म्हटलं नाही. बाबांनी मान हलवली आणि तो विषय पुढे ढकलला, कारण शिकलेल्या पोराचं मत त्यांना मोठं वाटे.

मग मला मोबाइलवर अकोल्याची एक जाहिरात दिसली. गडद निळी गाडी, वरचा टप काळा, चकचकीत चाकं, आत मोठा स्क्रीन. किंमतही आमच्या आवाक्यातली. मामूंना अकोल्याला लेकीकडे आठ दिवस राहायला जायचंच होतं, म्हणून आम्ही दोघं एसटीनं गेलो.

घर चांगल्या वस्तीतलं होतं. गाडीचे मालक काका मला "या, बसा" म्हणाले. मला कोणी अहो-जाहो करण्याची ती पहिलीच वेळ. काकूंनी पोहे आणले, चहा आणला. काय शिकता, पुढे काय करणार, असं विचारलं. मी सोफ्यावर बसून खात होतो आणि मामू बाहेर पोर्चमध्ये गाडीखाली उताणे झोपले होते. उठले तेव्हा पांढऱ्या फरशीवर त्यांच्या शर्टाचा काळा डाग उमटला होता. काकू काही न बोलता फडकं घेऊन आल्या. त्यांनी मामूंना पाणी विचारलं, मामूंनी हात जोडले. काकूंचा चेहरा पडला. तेव्हा मी म्हणालो, "ते जरा तसेच आहेत, गावाकडचे. मनावर घेऊ नका."

मामूंनी ते ऐकलं. त्यांनी ऐकल्याचं मी पाहिलं.

नंतर त्यांनी मला गाडीपाशी बोलावलं. मागच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढून दाखवला. एरवी आत गुंडाळलेला राहणारा तो भाग मातकट होता, वाळलेल्या गाळानं कडक झालेला. हलक्या आवाजात म्हणाले, "ही पाण्यात बुडालेली गाडी हाय. आज चालन, उद्या चालन, एक दिवस साऱ्या वायरी सोबतच जातीन. मास्टरले सांग, मी नाही म्हणतो." बाबांना फोन लावू का, असंही त्यांनी विचारलं. मी सांगतो म्हणालो. "तूच सांग. आता तुले समजते," असं म्हणून ते लेकीकडे गेले.

मी परत आत गेलो. नाही म्हणायचं होतं. काकूंनी पुन्हा चहा ओतला आणि नाही म्हणता आलं नाही. पण सगळा दोष चहाला देणार नाही. मला ती गाडी हवी होती. गेटबाहेर येऊन बाबांना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "रशीदभाई काय म्हणला?"

मी म्हणालो, "घ्या म्हणाले."

मामू परतले तेव्हा गाडी दुकानासमोर हार घालून उभी होती. रविवार होता, मीही तिथेच होतो. बाबा पेढा घेऊन धावले, म्हणाले की तू पास केली म्हणून हिंमत केली. मामूंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी पेढा घेतला आणि म्हणाले, "मुबारक हो, मास्टर." दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त सांगून त्यांनी गाडी दोन दिवस गॅरेजात ठेवून घेतली. सगळ्या वायरी उघडून एकेक जोड पुसून काढला, हे मला नंतर कळलं.

ती तीन महिने चालली. मोर्शीच्या रस्त्यावर बंद पडली, बाबा नवे कपडे घालून ताईकडे निघाले असताना. अमरावतीच्या कारागिरानं गाडी पाण्यात गेलेली असल्याचं सांगितलं आणि दुरुस्तीचा जो आकडा काढला तो ऐकून बाबा खालीच बसले. गावी येऊन सरळ गॅरेजात शिरले. चार गिऱ्हाइकं उभी होती. मीही होतो. बाबा ओरडले नाहीत. "रशीदभाई, तुले दिसलं नाही का रे?"

मामू हात पुसत राहिले. "चुकलं, मास्टर. आता नजर पयल्यासारखी राह्यली नाही."

त्यानंतर गाडी बघायला त्यांना कोणी नेलं नाही. बाबांनी मशीन उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली.

मी एकदा मामूंकडे गेलो. बाबा जेवायला गेले होते. खरं काहून नाही सांगितलं, एवढंच मला विचारता आलं. ते पाना शोधत होते, शोधता शोधताच बोलले. "मास्टर लोकाइले तुह्याबद्दल सांगते तवा त्याचा आवाज कसा होते, आयकला का कधी? मी तो कसा बंद करू?" थोड्या वेळानं म्हणाले, "तू सांगजो. तुले जमन तवा."

परीक्षा झाल्यावर सांगू, असं मी ठरवलं. मग दिवाळीत. मग ताईच्या बाळाचं बारसं झाल्यावर. मामूंनी मधल्या काळात गॅरेज बंद केलं आणि ते अकोल्याला लेकीकडे राहायला गेले. दुकानासमोर सामानाचा टेम्पो भरत होता तेव्हा बाबा काज करत बसले होते, असं तेव्हा माहेरी आलेल्या ताईनं मला सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

मागच्या महिन्यात दुपारी मेसमध्ये जेवत असताना बाबांचा फोन आला. खर्चाला पैसे आहेत का विचारलं, कापसाचा भाव सांगितला. मग म्हणाले, "रशीदभाई गेला. चार दिवस झाले. गावातले लोक जीप करून अकोल्याले मातीले गेले. मलेबी बोलवाले आले होते, मी नाही गेलो."

मी हातातला घास ताटात ठेवला.

"जाले पायजे होतं का रे?" त्यांनी मला विचारलं.