पाणसळचे एकोणीस दिवस

माझ्या भाऊजींना सगळे पाणसळ म्हणतात. पाणसळ म्हणजे ती पट्टी, जिच्यातला बुडबुडा मधोमध आला की जमीन सपाट आहे असं समजायचं. भाऊजी फरशी बसवतात, आणि ती पट्टी लग्नातही त्यांच्या खिशात होती, असं ताई सांगते. कुणाकडे गेले की चहाच्या आधी टाचेनं फरशी ठोकणार आणि "पोकळ आहे" असं यजमानाच्या तोंडावर सांगणार. पाहुणा म्हणून हा माणूस म्हणजे शिक्षा आहे.

आणि याच माणसाच्या घरात बाथरूमच्या पाण्याचा ढाळ अकरा वर्षं दाराकडे. घर बांधताना 'तात्पुरता' म्हणून कोबा केला, तो तसाच राहिला. अंघोळ केली की पाणी स्वयंपाकघरात. ताई दारात एक फडकं टाकून ठेवायची. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात. यांच्याकडे तो ओलाही होता.

पाच वर्षांपूर्वी भाऊजी परदेशात त्यांच्या बहिणीकडे गेले होते. पाहुण्यांचा व्हिसा, तीन महिन्यांचा, काम करायला सक्त मनाई. परतले ते एकोणीस दिवस उशिरा, आणि पासपोर्टवर 'पाच वर्षं इकडे फिरकू नका' अशा अर्थाचा शिक्का घेऊन. ताईला म्हणाले, पाठ धरली होती, उठताच येईना. ताईनं त्या पाठीला दोन महिने तेल चोळलं.

आता ती पाच वर्षं संपली होती आणि तिकडच्याच एका ठेकेदारानं त्यांना नोकरीवर बोलावलं होतं. काम उभ्यानं करायचं, दुसऱ्यांनी बसवलेली फरशी तपासायची. भाऊजींचे गुडघे पार कामातून गेले होते. जिन्यावर आधी गुडघे ऐकू यायचे, मग भाऊजी दिसायचे. उकिडवं बसून आणखी वर्षभरसुद्धा निघणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ही नोकरी मिळाली नाही तर घरात बसून लोकांच्या फरशांना नावं ठेवणं एवढंच त्यांच्या हाती उरणार होतं.

अर्ज मी भरला. मी कारकून आहे. सरकारी भाषेत खोटं कसं लिहायचं, हे मला पगार देऊन शिकवलेलं आहे. 'पूर्वी व्हिसाच्या अटी मोडल्या आहेत का? असल्यास कारण द्या.' उशीर त्यांच्या दप्तरात होताच, तो लपण्यासारखा नव्हता. कारण मी लिहिलं, पाठीचं दुखणं. व्हिसाची कामं करणाऱ्या एजंटानं तो वाचून मान डोलावली.

"पुढचा रकाना, तिकडे काम केलं होतं का. तिथे सरळ नाही लिहा."

मी भाऊजींकडे पाहिलं. ते एजंटाच्या ऑफिसातली फरशी टाचेनं ठोकत होते. मला शंका आली, पण शंकेसाठी अर्जात रकाना नव्हता. मी 'नाही' लिहून टाकलं.

महिन्याभरानं मुलाखतीचा फोन आला. तिकडे व्हिसा कचेरीतले साहेब आणि एक दुभाषी बाई, इकडे स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन, भोवती आम्ही तिघं. ताई भाजी निवडत होती.

"ठेकेदारांनी नोकरीच्या पत्राला एक फोटो जोडलाय," बाई म्हणाल्या. "तुमच्या बहिणीच्या शेजाऱ्यांच्या बाथरूमचा. ही फरशी तुम्ही त्या वेळी हौस म्हणून चार दिवसांत बसवून दिलीत, असं ते लिहितात. साहेब विचारतात, हे खरं का?"

उत्तर किती सोपं होतं! चार दिवसांची हौस, तीही मुदतीच्या आत. कुणाचं काय बिघडलं? मी 'हो म्हणा, हो म्हणा' अशा माना हलवून मान दुखवून घेतली.

भाऊजींचा चेहरा लाल झाला. "चार दिवसांत? अहो बाई, चार दिवसांत काय होतं? तेवढे तर जुनी फरशी उखडण्यातच गेले. पुढे ढाळ नव्यानं काढला, कोपरे जुळवले. त्याला एकोणीस दिवस लागले! आणि हौस कसली? चांगली मजुरी घेतली. फुकटच्या कामात कुणी चूक दाखवत नाही."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. एकोणीस हा आकडा साहेबांच्या समोरही असणार.

"म्हणजे व्हिसा संपल्यानंतर?"

"हो. उखडलेलं बाथरूम तसंच टाकून येऊ? त्या माणसांनी अंघोळ कुठे करायची?"

"अर्जात तर पाठीचं दुखणं लिहिलंय."

"ते खोटं आहे. पाठ ठणठणीत आहे."

मी कपाळावर हात मारून घेतला. ताईचा भाजी निवडणारा हात थांबला. ती त्या ठणठणीत पाठीकडे बघत होती.

साहेबांनी सगळी खरी हकिगत दहा दिवसांत स्वतःच्या हातानं लिहून पाठवायला सांगितली. फोन बंद झाल्यावर ताई म्हणाली, "शेजाऱ्यांच्या बाथरूमसाठी एकोणीस दिवस. आणि मी इथे अकरा वर्षं फडकं पिळतेय." नंतर सहा आठवडे ती त्यांच्याशी फक्त माझ्यामार्फत बोलली. "तुझ्या भाऊजींना सांग, जेवण वाढलंय." मी नसलो की भिंतीला सांगायची.

भाऊजींनी कागद स्वतः लिहिला, ओळी पाणसळीच्या पट्टीनं आखून. व्हिसा मिळणार नाही, हे मी, एजंट आणि शेजारपाजार अशा सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं.

मिळाला. मागितला होता तीन वर्षांचा, दिला एका वर्षाचा, 'खरं स्वतःहून सांगितलं म्हणून' असा शेरा मारून, वर कडक ताकीद. महिन्याभरात रुजू व्हायचं होतं. भाऊजींनी पासपोर्ट ताईसमोर ठेवला आणि उभे राहिले.

"एकोणीस दिवस माझे," ती म्हणाली. या वेळी थेट त्यांनाच.

दुसऱ्या दिवशी गुडघ्यांना चिंध्या गुंडाळून ते कोबा फोडायला बसले. उठताना दाराची चौकट धरायचे आणि ओठ आवळायचे. मला ते बघवेना. "माणूस लावू या," मी दोनदा म्हणालो. "पोकळ बसवेल," ते म्हणाले. तेवढे दिवस दोघंही अंघोळीला माझ्याकडे येत होते आणि भाऊजी माझ्या बाथरूमला रोज नावं ठेवत होते.

विसाव्या दिवशी त्यांचं विमान होतं. त्यांना सोडून मी परत आलो, तेव्हा ताई नुकतीच अंघोळ करून बाहेर आली होती. सवयीनं तिनं दारात फडकं टाकलं होतं. आता ते हातात घेऊन ती उंबऱ्यावर बसली होती.

"कोरडं आहे रे," ती म्हणाली, आणि रडायला लागली.