जावेची विलायतेतली मोरी

माझ्या धाकट्या जावेचं विलायतेत घर होतं आणि त्या घराचा मला भारी हेवा वाटायचा. दीर तिकडे कापडगिरणीत लागला, थोड्याच वर्षांत घर घेतलं. आम्ही मात्र भिवंडीत, धामणकर नाक्याच्या आतल्या गल्लीत, दोन खोल्यांत, दिवसरात्र लूमचा खडखडाट ऐकत. तिने नळ फिरवला की गरम पाणी, मी चूल फुंकली की धूर. मग हेवा वाटणार नाही तर काय?

सत्तर सालानंतरची गोष्ट ही. तिकडची गिरणी बसायला लागली, तसं दिराने ठरवलं की ते घर विकायचं आणि आमच्या घरापुढे त्याच्या वाटणीची मोकळी जागा होती तिथे स्लॅबचं घर बांधायचं. जागा त्याची, आपण काय बोलणार? पण माझं एकच दार, एकच खिडकी, दोन्ही त्याच बाजूला. आणि आमच्याकडे तेव्हा जो तो भिंतीला भिंत लावून बांधायचा. म्हणजे मला भर दुपारी दिवा लावून भाकऱ्या थापाव्या लागणार.

जाऊ मुलांना घेऊन आधी इकडे आली, दीर घर विकायला मागे राहिला. आणि ते घर काही विकलं जाईना! मी वरून चुकचुकायचे, आतून देव पावल्यासारखं वाटायचं.

का विकलं जाईना, ते ती रोज संध्याकाळी ओट्यावर बसून सांगायची. तिकडे म्हणे घेणाऱ्याचा वकील आधी कौन्सिलला, म्हणजे तिकडच्या नगरपालिकेला, विचारतो, या घरात जे जे बांधलंय ते परवानगीने बांधलंय का. या दोघांनी तर मागच्या अंगणात दोस्तांना जमवून दोन रविवारांत एक खोली उठवलेली. कसली? तर मोरी! तिकडच्या टबात आपल्याच मळाच्या पाण्यात बसून राहायचं, ते हिला जमेना. बादली-तांब्याशिवाय अंघोळ झाल्यासारखी वाटेना. मोरीचं पाणी दिराने छपराच्या पावसाच्या पाइपात सोडून दिलं. कौन्सिलचा माणूस आला, म्हणाला, हे घाण पाणी सरळ नदीत जातं. पाइप गटाराला जोडा, जमीन खणून पाया दाखवा, नाहीतर मोरी पाडा. त्याशिवाय दाखला नाही.

बघा, विलायतेत जाऊन तिने माझ्यासारखीच मोरी बांधली होती, आणि तरी जळत होते मीच.

शेवटी दिराने मोरी पाडली. दाखला मिळाला, घर विकलं गेलं. तिने माझ्या तोंडात पेढा घातला, तो मला काही गिळवेना.

दीर आला आणि आठवड्याच्या आत विटांचा ट्रक दारात. दुसऱ्या दिवशी पाया खणायचा, तर जाऊ कमरेला पदर खोचून पुढे उभी.

"नगरपालिकेचा कागद येईस्तवर खणायचं न्हाय."

"अगं, ही भिवंडी हाय," दीर म्हणाला. "गल्लीत एकाकडं तरी कागद हाय का, दाखव."

"आपल्याकडं असंल. एकदा बांधून फोडलंय, पुन्यांदा न्हाय."

गल्ली हसली. मेमसाब आली, म्हणाली. पण ही हटली नाही. दिराने नगरपालिकेत खेटे घातले. मग एक साहेब टेप घेऊन आला आणि म्हणाला, मागच्या घराच्या बाजूला उजेड-वाऱ्यासाठी मोकळी पट्टी सोडावी लागेल. नकाशावर भिंत माझ्या दारापासून लांब सरकली. घर झालं तरी माझ्या दारातलं ऊन राहिलं.

सगळी गल्ली म्हणायला लागली, जाऊ असावी तर अशी. मीही म्हणाले, काय करणार. माझा नवरा तर शिफ्टवरून आला की तिचंच कौतुक करायचा, ते वेगळंच.

उन्हाळ्यात एकदा ती पापडांचं सूप घेऊन त्या पट्टीत आली. "जाऊबाई, ऊन चांगलं पडतं हो तुमच्या दारात. घालू का इथं?"

जागा तिची, ऊनही तिच्याच जागेतून आलेलं. "घाल की," म्हणाले, आणि त्या पट्टीत टाकलेली माझी खाट उचलून बाजूला घेतली.